चार सुतांची खाच

गिऱ्हाइकाने मला शिकवलेलं मला चालत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

सोलापुरात मंगळवार पेठेच्या मागच्या अंगाला आमचं सुतारकामाच्या हत्यारांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं. नवऱ्याला त्यात कधी रस नव्हता, तो जिल्हा परिषदेत सुखी आहे. बावीस वर्षं दुकानात मी बसते, आणि मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये टेबल सॉवर लाकूड कापून दाखवते तीही मीच. वैजयंतीताई फाटक्या तोंडाची आहे, पण पातं खोटं देत नाही, असं सुतारांत बोललं जातं. पहिला भाग मला मान्य आहे.

गेल्या वर्षी मी खाचेच्या पात्यांचे तीन संच मागवले होते. टेबल सॉवर एरवी एकच गोल पातं असतं, त्याने नुसती चीर पडते. या संचात बाहेरच्या बाजूंना दोन गोल पाती असतात आणि त्यांच्यामध्ये घालायला मोजक्या दातांची मधली पाती. जेवढी रुंद खाच हवी तेवढी पाती शेजारी शेजारी चढवायची आणि नट आवळायचा. फळी एकदा रेटली की खाच तयार, तळ सपाट, कडा उभ्या. आमच्याकडचे सुतार डबा उघडायचे, पाती उलटीसुलटी करायचे, "राऊटर मशीननं होतंय की" म्हणायचे आणि डबा फळीवर ठेवून चहाला जायचे. वर्षभर मी त्या तीन डब्यांवरची धूळ झटकत होते आणि दर वेळी माझं डोकं फिरत होतं.

डिसेंबरच्या सुरुवातीला एका सकाळी बसप्पाअण्णा आले. अक्कलकोट रोडवरच्या एका गावचे सुतार, वय पासष्टीच्या पुढचं, धोतर, टोपी, नेहरू शर्ट. उजवा हात शर्टाच्या खिशात. डाव्या हाताने त्यांनी पिशवीतून एक फडकं काढलं आणि माझ्यासमोर उलगडलं. आत कपडे धुवायच्या साबणाची अर्धी वडी, शिवण लाकडाच्या फळीचे पाच-सहा तुकडे, गेरूचा खडा आणि जुन्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा.

"अण्णा, धुणं धुवायला आलात की लग्नाला?" मी म्हटलं.

"मापं हायती, अक्का," ते म्हणाले. "खाच पाडायची पाती बगायची हायती. तीन संच हायती म्हनं तुमच्याकडं."

काम काय, तेही त्यांनी लगेच सांगितलं. सांगोल्याकडे अभिमन्यू नावाचा एक डाळिंबवाला आहे. बहारात फुलांवर फिरायला माश्या हव्यात म्हणून तो मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो आणि आसपासच्या बागांनाही देतो. आजवरच्या त्याच्या सगळ्या पेट्या बसप्पाअण्णांच्या हातच्या. कोपऱ्यात खिळा नाही, एका फळीची बोटं दुसऱ्या फळीच्या खाचांत बसवलेली, सगळं करवतीने आणि पटाशीने. आता अभिमन्यूला साठ पेट्या हव्या होत्या. आधी एक नमुन्याची करा, म्हणाला होता. तीन आठवडे तिच्यात माश्या ठेवीन, पेटी कसोटीला उतरली तर काम तुमचं, नाहीतर बाहेरून तयार पेट्या आणतो.

"चाळीस वर्षं हातानं केलं की तुम्ही. मग आता मशीन कशाला?"

"हाताला येळ लागतोय," ते म्हणाले आणि साबणाच्या वडीकडे बघू लागले.

मी सगळ्यात महाग डबा काढला. आठ इंची पाती, जड, आरशासारखी चकचकीत. त्याचं वर्णन मला तोंडपाठ आहे, ते मी म्हणून दाखवलं. अण्णांनी ऐकून घेतलं. मग साबणाची वडी माझ्यापुढे सरकवली. तिच्यात एक लांबट खळगा होता, त्याच्या पुढच्या भागात आटे उमटलेले. घरच्या मशीनचा शाफ्ट त्यांनी साबणात दाबून आणला होता.

"हितं पाती बसत्यात, हितनं नट," ते म्हणाले. "मोजा की."

मी पट्टी लावली. पात्यांना जागा पाच सूत. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. शाळा-कॉलेजात सगळं मिलिमीटरमध्ये गेलं, आमच्याकडच्या सुतारांनी सूत सोडलेलं नाही.

"तुमची ही पाती जाड हायती. मला पायजे चार सुतांची खाच. ह्यातली चढवली की वायसर धरून साडेपाच सूत व्हतंय. चढंल, पर नट अर्ध्या आट्यावर ऱ्हाईल. अर्ध्या आट्यावर फिरनारं पातं मी घरात ठेवनार न्हाय."

बावीस वर्षांत मी एकाही गिऱ्हाइकाला त्याच्या शाफ्टची लांबी विचारली नव्हती. हे मी त्यांना सांगितलं नाही. "बरं, दुसरी बघा," एवढंच म्हटलं, आणि माझा आवाज जरा चढलेला होता.

दुसरा संच लाल रंगाचा, स्वस्तातला, आणि तिसरा सहा इंची, दिसायला अगदीच साधा, पण पातळ पात्यांचा. अण्णांनी मला तिन्ही संचांनी खाच पाडून दाखवायला सांगितली. महागड्यानेसुद्धा, तो नाकारलेला असूनही. मी म्हटलं, घेणार नाही तर कापू कशाला? ते म्हणाले, "चांगलं कसं असतं ते डोळ्याला कळाय नगं व्हय?"

शेडमध्ये मी पाती चढवली आणि त्यांच्या शिवणीच्या तुकड्यांत एकेक खाच पाडली. मग अण्णांनी डाव्या हाताने एका बारीक तुकड्याच्या कडेला गेरू चोळला, तो तुकडा खाचेत दाबला आणि बाहेर काढला. खाचेचा तळ जिथे तुकड्याला टेकला तिथे लाल झाला, टेकला नाही तिथे पांढरा राहिला. लाल डब्याच्या संचाने पाडलेल्या खाचेत नुसते पट्टे उठले, ऊस लावायला सऱ्या पाडल्यासारखे. मधली पाती एका उंचीची नव्हती. महागड्या संचाचा तळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लालभडक. सहा इंचीचाही तळ लाल, फक्त दोन्ही कडांना केसाएवढी पांढरी रेघ.

"इथं खोल गेलंय बघा जरासं," मी बोट दाखवलं. आपणही काहीतरी पाहिलं याचा मला आनंद झाला होता.

"असू द्या. तितं सरस ऱ्हाईल. सरसाला बी जागा पायजे की."

एवढं झालं तरी त्यांनी संच घेतला नाही. दुसऱ्या दिवशी परत आले. फळीचे नवे तुकडे घेऊन आले आणि मला परत कापायला लावलं. या वेळी अण्णा पात्याकडे बघतच नव्हते. मी फळी रेटत होते आणि ते माझ्या हातांकडे टक लावून बसले होते.

"काय बघूलालाव अण्णा?" मी मशीन बंद करून विचारलं.

"अक्का, सुरू करताना मनगटाला हिसका बसतो का?"

"आठ इंचीला बसतो थोडा. याला नाही."

"फळी माघारी अंगावर येती का?"

"रेटायचा दांडा धरून सरळ रेटली तर येत नाही. तिरकी झाली तर येणारच."

"खांद्याला?"

"अण्णा, पातं घ्यायला आलात की माझी तब्येत तपासायला?"

ते हसले नाहीत. "सावकाश एक डाव परत करा," म्हणाले. मी केलं, पण मनातल्या मनात त्यांचा उद्धार करत केलं. तिसऱ्या दिवशीही तेच. मध्येच त्यांनी खाच केसभर रुंद व्हावी म्हणून लग्नपत्रिकेचा गोल तुकडा कापून पात्यांच्या मध्ये घालायला लावला. संचात त्यासाठी पत्र्याच्या चकत्या असतात, मी त्या दाखवल्या. अण्णा म्हणाले, चकती मोजून जाड असते, पत्रिकेचा कागद चाकूने सोलून निम्मा करता येतो. त्यांनी सोलून दाखवला, दाताने एक टोक धरून आणि डाव्या हाताने. खाच आणि दुसऱ्या तुकड्याचं बोट इतकी जुळली की तुकडा आत जाताना हवेचा बारीक फुस्स आवाज झाला. असा आवाज मी माझ्या मशीनवर कधी ऐकला नव्हता. रागावलेली होते, तरी मी तो तुकडा चारदा आतबाहेर करून पाहिला.

"हा संच द्या," अण्णा म्हणाले. "साकु."

साकु म्हणजे कानडीत पुरे. मला बरं वाटलं, मी चहा मागवला. आणि चहा घेताना त्यांचा उजवा हात पहिल्यांदा खिशाबाहेर आला, बहुतेक बोलण्याच्या भरात. बशी वाजायला लागली. निम्मा चहा धोतरावर सांडला. त्यांनी बशी खाली ठेवली आणि हात परत खिशात घातला.

 मिनिटाला हजारो फेरे घेणारं ते पातं आणि हा हात. मी डबा उचलला आणि माझ्या मागे ठेवला.

"अण्णा, हे मी तुम्हाला देणार नाही. रागवा, दुसरीकडून घ्या, पण माझ्या दुकानातून नाही."

त्यांनी डाव्या हाताने धोतरावरचा चहा झटकला. मग म्हणाले, "मशीनला मी हात लावनार न्हाय, अक्का. चन्नम्मा लावनार."

चन्नम्मा म्हणजे त्यांची बायको. मोठ्या करवतीचं दुसरं टोक तिने पस्तीस वर्षं ओढलं होतं. दोन वर्षांपूर्वी अण्णांच्या हाताला कंप सुरू झाला. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्या, उपयोग थोडाच. पटाशी धरवेना, तेव्हा तिने धरली. पण साठ पेट्यांच्या शेकडो खाचा एकट्या बाईने हाताने मारायच्या म्हणजे वर्ष जाईल. म्हणून मशीन.

"गावात कुनाला ठाव न्हाय. अभिमन्यूला तर न्हाईच. त्यो म्हनतोय, बसप्पाच्या हातची पेटी. बसप्पाला हातच न्हाय असं कळलं तर त्यो दुसरीकडं जाईल. मग मी घरात बसून काय करू? मला दुसरं काय येतंय?"

"पण मग तीन दिवस माझ्याकडे..."

"ही पाती आनखी दोन दुकानांत हायती. तितं मशीनवर बाई न्हाय. तिच्या मनगटाला काय व्हईल ते तुमच्या मनगटावर बगाय आलतो."

मला लाज वाटली. तीन दिवस मी या माणसाला चिकट गिऱ्हाईक समजत होते. आणि खरं सांगायचं तर लाजेहून जास्त हेवा वाटला. बावीस वर्षांत माझ्या मनगटाची चौकशी कुणी केली नव्हती.

"उद्या त्यांना घेऊन या," मी म्हटलं. "त्यांनी माझ्यासमोर कापून दाखवलं तरच डबा देईन."

दुसऱ्या दिवशी चन्नम्मा आली. बुटकी, कपाळाला आडवी विभूती, पदर कमरेला खोचलेला. मशीन पाहून बाकीचे लोक चालू कुठं होतं ते विचारतात. तिने आधी विचारलं, "बंद कुटनं हुतंय?" बंद करायचं बटण तीनदा दाबून पाहिलं. बांगड्या काढून अण्णांच्या डाव्या हातात दिल्या. मग पाती स्वतः चढवली, मध्ये पत्रिकेचा सोललेला कागद घालून, प्रत्येक पात्यावरून बोट फिरवून, मधल्या पात्यांचे दात बाहेरच्या पात्यांच्या दातांवर येणार नाहीत असं बघून. नट आवळला आणि परत एकदा आवळला.

मी तिच्याजवळ उभी होते, कधीही हात घालता यावा म्हणून. त्याची गरज पडली नाही. फळी रेटताना तिचं सगळं अंग एका चालीने पुढे जात होतं, पाय आधी, हात शेवटी. अण्णा स्टुलावर बसून नुसते ऐकत होते. मध्येच ते कानडीत काहीतरी म्हणाले, ती थांबली, मशीन बंद केलं. दोघांचं भांडण लागलं. मला कानडी निम्मं-अर्धं कळतं. अण्णा म्हणत होते कागद काढ, ती म्हणत होती राहू दे. शेवटी तिने कागद काढला, खाच पाडली, गेरू लावून पाहिला, आणि न बोलता कागद परत घातला. अण्णांनी खाचेच्या कडा बघितल्या आणि मान डोलावली. तीच बरोबर होती.

असं भांडण मी जन्मात पाहिलं नव्हतं. एका लग्नपत्रिकेच्या निम्म्या जाडीवरून दोघं नवरा-बायको घामाघूम झाली होती, आणि हरलेला माणूस खूश दिसत होता. मी डबा कागदात बांधून दिला. महागडा खपला नाही याचं मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

संक्रांतीच्या आधी अण्णांचा फोन आला. नमुन्याची पेटी तीन आठवडे बागेत होती, अभिमन्यू परवा उघडून बघणार होता. येताय का, असं त्यांनी विचारलं नाही, पण मी दुकान बंद ठेवलं आणि टेम्पोत त्या दोघांना घेऊन सांगोल्याला गेले. वाटेत चन्नम्मा मांडीवरच्या पिशवीची गाठ सोडत होती आणि बांधत होती. तिच्याइतकीच मीही घाबरलेली होते.

अभिमन्यू पस्तिशीचा, बोलका गडी. त्याने पेटीच्या तोंडाशी धूर दिला, झाकण काढलं, आणि आतली पहिली चौकट दोन बोटांनी उचलली. ती अलगद वर आली, माश्यांनी भरलेली. एकेक करून त्याने सगळ्या चौकटी काढून बाजूला ठेवल्या आणि रिकाम्या पेटीत वाकून कोपरे बघितले. माश्यांना फट खपत नाही, असं त्याने मला समजावलं. कुठे सांधा उघडा राहिला की त्या झाडांची राळ आणून तो बुजवतात. तुलनेसाठी बाहेरून आणलेल्या एका पेटीचे कोपरे त्याने दाखवले, वरपासून खालपर्यंत तपकिरी राळेने माखलेले. मग आम्ही सगळ्यांनी या पेटीत डोकावून पाहिलं. चारही कोपऱ्यांत नुसतं लाकूड होतं. माश्यांनी काहीच बुजवलं नव्हतं, कारण बुजवण्याजोगं काही नव्हतंच.

मला रडू येईल असं वाटलं. पेटी बघून रडू येणारी बाई मी नव्हे, म्हणून मी डाळिंबाच्या झाडांकडे बघत राहिले.

"अण्णा, मानलं तुमाला," अभिमन्यू म्हणाला. "ह्या वयात बी हात तसाच हाय की तुमचा. साठच्या साठ पेट्या तुमच्याच."

काम मिळालं होतं. काही बोलायची गरज नव्हती. मी अण्णांकडे बघितलं, चन्नम्मानेही बघितलं आणि हळूच मान हलवली, नको म्हणून.

बसप्पाअण्णांनी उजवा हात खिशातून काढला आणि अभिमन्यूसमोर धरला. हात थरथरत होता. त्यांनी तो लपवला नाही, दुसऱ्या हाताने धरलाही नाही, तसाच राहू दिला.

"ह्यो माझा हात," ते म्हणाले. "पेटी हिनं केलीया. सगळी हिनं. आता तुज्या मनात काय हाय ते सांग."

अभिमन्यू त्या हाताकडे बघत राहिला. मग पेटीकडे. माश्या आमच्या भोवती घोंगावत होत्या, कुणी त्यांना हाकलत नव्हतं. त्याच्या कानशिलात वाजवावी असं मला वाटायला लागलं. शेवटी तो अण्णांना ओलांडून चन्नम्मासमोर जाऊन उभा राहिला.

"मावशी," तो म्हणाला, "मृग बहाराच्या आत साठ हुतील का?"

 चन्नम्मा खाली बसली, पेटी स्वतःकडे वळवली आणि चारही कोपऱ्यांच्या सांध्यांवरून वरून खाली अंगठ्याचं नख फिरवलं. तिसऱ्या कोपऱ्यावर नख थांबलं.

"हुतील," ती म्हणाली. "पर ही एक खाच कागदाएवढी ढिली हाय. साठांत असं हुनार न्हाय."

अण्णा तिच्या शेजारी बसले, डाव्या हाताचं नख त्याच जागी फिरवलं आणि म्हणाले, "निम्म्या कागदाएवढी."

ते दोघं उठून बागेच्या कडेला पाणी प्यायला गेले, तेव्हा मी तिथे वाकले. तिसऱ्या कोपऱ्याच्या प्रत्येक सांध्यावरून मी नख फिरवलं, मग दुसऱ्या हाताचं फिरवलं. मला काहीच लागलं नाही.